चष्म्याचा बिल्ला

९ एप्रिल, गुरुवार. सकाळी तळ्यावर धुकं, नंतर ऊन. दूधवाला उशिरा आला. मागच्या झाडाला पालवी फुटली. दुपारी शिट्टीमास्तरांकडे गेले. त्यांच्या व्हरांड्यात यांचा बिल्ला 'पाण्यात' होता. बटाटे संपले.

त्या दिवसाबद्दल माझ्या डायरीत एवढंच आहे. शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या की डायरीत जे घडलं ते लिहावं, जे वाटलं ते देवाला सांगावं. ती सवय अजून सुटलेली नाही. पण शिट्टीमास्तरांबद्दल हल्ली गावात भलतंसलतं बोललं जातं, म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणतात. म्हणून या खेपेला जे वाटलं तेही लिहून ठेवते.

शिट्टीमास्तर म्हणजे आमच्या तळ्यावरच्या पोहण्याच्या धक्क्याचे रखवालदार. पाण्यात उतरलेल्या माणसांवर नजर ठेवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. गळ्यात शिट्टी असायची म्हणून शिट्टीमास्तर. स्वतः फारसे पोहत नसत. "हलवाई कुठं मिठाई खातो?" म्हणायचे. मी त्यांना भावजी म्हणते. आमचे हे निवृत्त झाले तेव्हा आम्ही तळ्याकाठी लहानसं घर घेतलं. पहिल्याच सकाळी हे टॉवेल खांद्यावर टाकून धक्क्यावर गेले आणि परत आले ते एका अनोळखी माणसाला चहाला घेऊन. तेच भावजी. भावजी यांना भाऊसाहेब म्हणू लागले, आणि त्या दोघांचं असं जमलं की मला आणि भावजींच्या बायकोला, मास्तरीणबाईंना, ओळख करून घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

धक्क्यावर दोन फळ्या होत्या. एकीवर 'काठावर' असं लिहिलेलं, दुसरीवर 'पाण्यात'. प्रत्येक नेहमीच्या पोहणाऱ्याचा एक पितळी बिल्ला असे. उतरताना आपला बिल्ला काठावरच्या फळीवरून काढायचा आणि पाण्यातल्या फळीवर टांगायचा. बाहेर आलं की परत काठावर. बिल्ला ज्याचा त्यानंच फिरवायचा, आणि परत आणताना हात ओला हवा. कोरड्या हातानं फिरवलेला बिल्ला भावजी मानत नसत. कुणी गंमत म्हणून दुसऱ्याचा बिल्ला फिरवला तर पाण्यातलं माणूस विसरलं जाईल, हे त्यामागचं कारण.

बिल्ल्यांवर नावं नव्हती. भावजींनी खिळ्यानं ठोकून चित्रं काढली होती. न्हाव्याच्या बिल्ल्यावर कात्री, बेकरीवाल्याच्या पोरीच्या बिल्ल्यावर पाव, आणि आमच्या यांच्या बिल्ल्यावर चष्मा. कारण पाण्यात उतरताना हे चष्मा भावजींच्या टेबलावर काढून ठेवत आणि हमखास तिथंच विसरून घरी येत. मग समोर उभी असलेली मी की दाराचा पडदा, हे ओळखायला यांना वेळ लागे. पोहतानाही यांची एक तऱ्हा होती. दर दोन हातांमागे तोंडातलं पाणी फू करून उडवायचे, जुनी किटली उकळल्यासारखं. धक्क्यावरची मुलं "आला, चहा आला" म्हणून ओरडायची. घरी आल्यावर ओला टॉवेल दोरीवर घालायचा सोडून मागच्या दाराच्या खुंटीवर गोळा करून टाकायचे. त्यावरून आमची रोज कटकट.

संध्याकाळी धक्का बंद करायच्या आधी भावजी फळ्या बघत. पाण्यातल्या फळीवर बिल्ला राहिला असेल तर तीनदा शिट्टी वाजवत, थांबत, आणि तरी कुणी आलं नाही तर कमरेला दोर बांधून स्वतः उतरत. एकदा पावाचा बिल्ला राहिला होता. सगळे म्हणत होते की पोरगी विसरून घरी गेली असणार. भावजी ऐकेनात. अंधार पडेपर्यंत तळ ढवळत राहिले. पोरगी घरी बसून जेवत होती. भावजींना त्या पायी महिनाभर छातीचा ताप आला. मास्तरीणबाई अजून ती गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, "पोरगी जेवत होती आणि हे तिला पाण्यात शोधत होते. माझ्या नशिबी आलेला शहाणा माणूस." भावजी मात्र तेव्हा एवढंच म्हणाले होते, "घरी आहे ना? मग झालं."

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात हे गेले. शहरातल्या इस्पितळात, पांढऱ्या चादरीवर, पाण्यापासून कितीतरी लांब. माणूस गेलं की भावजी त्याचा बिल्ला घरच्यांच्या हातात देत. माझ्याकडेही आले. मी म्हटलं, "राहू दे तिथंच, काठावर. सगळ्यांच्यात बरा दिसतो." त्यांनी बिल्ला परत खिशात घातला.

"काठावर ठेवला तर माझी जबाबदारी राहते, वहिनी."

मला ते बोलण्यापुरतं बोलणं वाटलं. यांचा निळा टॉवेलही मी त्याच खुंटीवर ठेवला आहे. अधूनमधून धुते, वाळवते आणि घडी न घालता परत तिथंच टांगते.

गेल्या वर्षी भावजी निवृत्त झाले. त्यांच्या जागी नगरपालिकेनं एक पाटी लावली, 'स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे'. निरोपाच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि नको झालेल्या त्या दोन फळ्याही देऊन टाकल्या. भावजींनी त्या घराच्या व्हरांड्यात, तळ्याकडे तोंड करून लावल्या. सगळे बिल्ले काठावर. रोज त्यांच्याखाली खुर्ची टाकून बसायचे. "आता हिशेब चोख आहे," म्हणायचे, "सगळी माणसं बाहेर आहेत."

तर त्या गुरुवारी मी गेले तेव्हा भावजी खुर्चीत नव्हते, उभे होते. पाण्यातल्या फळीवर एकच बिल्ला लटकत होता. चष्म्याचा.

मास्तरीणबाई माझ्याहून वयानं लहान, पण तोंडानं मोठ्या. त्यांनी मला दारातच गाठलं. "ताई, तुम्हीच सांगा यांना. काल मी सगळे बिल्ले उतरवून पॉलिशनं घासले. परत टांगताना एक चुकून त्या फळीवर गेला असेल. तर सकाळपासून म्हणतात, भाऊसाहेब पाण्यात आहेत."

"तू सगळे काठावर टांगलेस. मी बघितलं," भावजी म्हणाले.

"बघितलं ना? मग मी आत्ता उचलून ठेवते." त्या पुढं झाल्या.

"हात कोरडा आहे तुझा."

"सकाळी ठेवलाच होता मी परत. तो पुन्हा तिकडे कुणी नेला मग? तुम्हीच नेला."

"मी बोटसुद्धा लावलं नाही. बघितला तेव्हा तिथंच होता. आणि ओला होता."

मी हसण्यावारी नेलं असतं. पण सोमवारी सकाळी शहरात भावजींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. रविवारी संध्याकाळी त्यांची लेक गाडी घेऊन न्यायला येणार होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता टाळाटाळ केली तर उन्हाळा दिसणार नाही. आणि भावजी माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "वहिनी, माणूस पाण्यात सोडून मी गाडीत बसणार नाही. रविवारपर्यंत ते आपण होऊन आले तर ठीक. नाहीतर मी जाऊन घेऊन येईन."

"पाणी बर्फासारखं आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुमचं हृदय गुडघ्यापर्यंतसुद्धा टिकायचं नाही."

"म्हणून तर त्यांना तिथं ठेवता येत नाही."

शुक्रवारी दुपारी मी मुद्दाम एकटी व्हरांड्यात बसले. भावजी आत झोपले होते, मास्तरीणबाई शेजारच्या खोलीत त्यांची बॅग भरत होत्या. मोजे सापडत नाहीत म्हणून त्यांची बडबड मला ऐकू येत होती. काय होतं ते डोळ्यांनी बघायचं, आणि भावजी उठून बिल्ला हलवताना दिसले तर तिथल्या तिथं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. मी विणकाम नेलं होतं. तळ्यावर वारा नव्हता. पलीकडच्या काठाची झाडं कोवळ्या पानांनी हिरवी झाली होती, तीच झाडं पाण्यात उलटी. पाखरं परतल्यापासून दिवसभर कलकलाट असे, पण त्या दुपारी एकही आवाज नव्हता. किती वेळानं कोण जाणे, मला टप असा आवाज आला. मग पुन्हा. मी वर बघितलं.

चष्म्याच्या बिल्ल्याच्या खालच्या कडेला थेंब जमत होता. तो मोठा झाला, पडला. फळीखालच्या फरशीवर हाताच्या पंजाएवढी ओल आली होती. वरचं छत कोरडं होतं. बाकीचे बिल्ले कोरडे, नुकतेच घासलेले, उन्हात चमकत होते. हा एकटाच काळपट दिसत होता. मी जवळ गेले. तळ्याचा वास आला, शेवाळाचा आणि थंड दगडाचा. हे घरी आले की स्वयंपाकघरात यायचा तोच.

मी हात लावला नाही. माझा हात कोरडा होता.

मास्तरीणबाई एकच मोजा घेऊन बाहेर आल्या, फरशी बघितली आणि फडकं आणून पुसली. मग म्हणाल्या, "ताई, मी चुकून टांगला असेन ना?"

"असाल," मी म्हटलं.

"असेनच. चष्मा लावला नव्हता मी." आणि हे बोलून त्या फडकं पिळायला आत गेल्या.

शनिवारी सूर्य कलल्यावर भावजी धक्क्यावर गेले. आम्ही दोघी मागोमाग. पाण्यावर धुकं धरायला लागलं होतं. भावजींनी शिट्टी वाजवली. पलीकडच्या काठावरून प्रतिध्वनी आला. दुसरी वाजवली, तिचाही आला. तिसरी वाजवली आणि काहीच परत आलं नाही. जणू मध्ये कुणीतरी तो आवाज वाटेत घेतला. मग धुक्यात, फार लांब नाही, फू असा आवाज झाला. थोड्या वेळानं पुन्हा, फू.

"मासा असेल," मास्तरीणबाई कुजबुजल्या.

भावजी हसले. "चहा आला," म्हणाले.

त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलं आहे: 'तळ्यावर आवाज आला. थंडी जास्त. भावजींनी मफलर घातला नव्हता.' झोप लागली नाही, हे लिहिलेलं नाही. मी हे घाबरून सांगत नाही. भीती वाटायला हवी होती ती वाटली नाही, त्याचीच मला भीती वाटली. मला एवढंच सुचत होतं की हे चष्म्याशिवाय आहेत आणि यांना काठ दिसत नसेल.

रविवारी दुपारचा चहा झाला आणि मास्तरीणबाई धावत आल्या. पायात चप्पल नव्हती. "कोटाच्या आत पोहण्याचे कपडे घातलेत, ताई. मला वाटलं तुमच्याकडे निघाले. दोर घेऊन गेलेत."

आम्ही दोघी म्हाताऱ्या जमेल तशा पळालो. भावजी धक्क्याच्या टोकाला उभे होते. कोट घडी करून खांबावर ठेवला होता. उघडे पाय काड्यांसारखे दिसत होते. दोराचं एक टोक खांबाला बांधून झालं होतं, दुसरं कमरेला बांधत होते, पण बोटं थरथरत असल्यामुळे गाठ बसत नव्हती.

"अहो, लेक येईल आता. तिला काय सांगू?" मास्तरीणबाईंनी दोर धरला. "मी काय त्या पोरीसारखी जेवत बसू घरी?"

"सोड. वेळ घालवू नकोस. ते दमले असतील."

तेव्हा मी म्हटलं, "भावजी, थांबा. माणूस माझं आहे. मी आणते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेष्टा करते आहे का, ते बघत असावेत. "तुम्हाला पोहता येत नाही, वहिनी. इतक्या वर्षांत घोटा भिजवला नाही तुम्ही."

"पायरीवर उभं राहायला पोहावं लागत नाही. त्यांना काठ दिसत नाहीये. कुणीतरी हाक मारायला हवी. तुमच्या शिट्टीला ते कधी जुमानत होते?"

हे त्यांना पटलं. खरोखर पटलं, कारण हे नेहमीच शिट्टीनंतर एक फेरी जास्त मारायचे. भावजींनी माझ्या कमरेला दोर बांधला. माझ्यासाठी बांधताना त्यांची बोटं थरथरली नाहीत. गाठ ओढून बघितली, खांबाशी पाय रोवून उभे राहिले आणि म्हणाले, "कमरेच्या पुढं नाही. दोर ताणला की मागं फिरायचं. पाय घसरला तर हात वर करायचा, ओरडायचं नाही, ओरडलं की पाणी आत जातं." हे त्यांनी आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं असेल.

पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. पाणी पोटऱ्यांना लागलं तेव्हा वाटलं की कुणी सुरीनं कापतंय. गुडघ्यानंतर पाय माझे राहिले नाहीत. कमरेशी पाणी आलं आणि मी थांबले. समोर धुकं होतं. आणि मला कळेना की हाक काय मारायची. यांचं नाव मी जन्मात कधी घेतलं नव्हतं.

मग मी रोज मागच्या दारातून मारायचे तशीच हाक मारली.

"अहो. पुरे झालं. चहा गार होतोय."

काही झालं नाही. एका पाखरानं पाण्याला पंख लावला आणि गेलं. मग धुक्यातून एक लाट आली, लहानशी, माणूस हात मारत आलं की येते तशी. ती माझ्या अंगाला लागली आणि माझ्या डावीकडून पायऱ्यांकडे गेली. डाव्या बाजूचं पाणी किंचित कमी गार वाटलं. मी तिकडे वळून बघितलं नाही. का, ते मला सांगता येणार नाही. मी फिरले आणि पायऱ्या चढायला लागले.

भावजी शेवटच्या पायरीशी वाकले होते. त्यांनी हात दिला आणि मला वर ओढलं. ताकद होती अजून. मला बाजूला उभं केलं, आणि मग पुन्हा वाकून, मी नव्हते तिकडे, हात पुढं केला.

"सावकाश," ते म्हणाले. "ती पायरी निसरडी आहे."

त्यांचा खांदा ओझं घेतल्यासारखा खाली गेला आणि वर आला. मास्तरीणबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ उठला.

आम्ही तसेच त्यांच्या व्हरांड्यात पोचलो. माझ्या हातातून पाणी गळत होतं. मी चष्म्याचा बिल्ला पाण्यातल्या फळीवरून काढला आणि काठावर टांगला. भावजींनी दोन्ही फळ्यांवरून नजर फिरवली, पूर्वी धक्का बंद करताना फिरवत तशी. मग गळ्यातली शिट्टी काढून बायकोच्या हातात दिली.

"ठेव आत. मोजे कुठं आहेत माझे?"

"तीन दिवस त्या मोज्यांच्या मागे आहे मी," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि तेव्हा कुठं रडल्या.

त्यांनी मला त्यांच्या टॉवेलनं खसाखसा पुसलं, त्यांचे कोरडे कपडे दिले. माझे ओले कपडे त्यांच्याच न्हाणीघरात बादलीत राहिले. लेक गाडी घेऊन आली तेव्हा आम्ही तिघं स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. "मावशी, आईचे कपडे का घातलेत?" तिनं विचारलं.

"माझे भिजले," मी म्हटलं.

"बाबा, येणार ना? की अजून काही निघालंय?"

"काही नाही निघालं. सगळे बाहेर आहेत," भावजी म्हणाले आणि काठी घेऊन उठले. गाडीत बसताना त्यांनी मला घराची किल्ली दिली आणि बिल्ले न घासण्याची ताकीद दिली. ती खरं तर मास्तरीणबाईंसाठी होती. त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय मला."

ऑपरेशन नीट झालं. टाके सुकले की ते परत येणार आहेत, आणि आल्यावर गावानं काय म्हणायचं ते म्हणावं. मी रोज जाऊन व्हरांडा झाडते. बिल्ले सगळे काठावर आहेत, कोरडे.

त्या रविवारी गाडी गेल्यावर मी घरी आले, मागचं दार लावलं, दिवा लावला आणि नेहमीसारखी डायरी लिहायला बसले. हवा, धुकं, भावजी शहरात गेले, एवढं लिहून झाल्यावर शेवटची ओळ लिहिली: मागच्या दाराच्या खुंटीवरचा निळा टॉवेल ओला होता. पिळून दोरीवर वाळत घातला.